मुंबईच्या जुन्या पाणीयोजना अभ्यासायला घेताना

अहवाल हाती आला की आधी गॅलन तपासा. मुंबईच्या कागदांतला गॅलन ब्रिटिश, म्हणजे ४.५४६ लिटरचा. चुकून अमेरिकी, ३.७८५ लिटरचा धरला तर पुढचा प्रत्येक आकडा सहाव्या हिश्श्याने कमी येतो.

मग मागणी. हेन्री कॉनिबेअर यांनी आखलेली विहार योजना १८६० मध्ये पुरी झाली, तेव्हा तिचे पाणी दिवसाला सुमारे ७० लाख गॅलन, म्हणजे ३.२ कोटी लिटर होते. १८४९ च्या गणतीतली वस्ती ५,६६,११९. माणशी बारा गॅलनांहून थोडे जास्त. १८६४ मध्ये, कापसाच्या तेजीत, वस्ती ८,१६,५६२ झाली आणि त्याच पाण्याचे माणशी साडेआठ गॅलन उरले. १८७२ ला मात्र आकडा ६,४४,४०५ वर उतरला. म्हणून तेजीतली वाढ सरळ रेषेत पुढे ओढू नका आणि घसरणीवर विसंबूनही राहू नका: १८९१ मध्ये वस्ती पुन्हा ८,२१,७६४ होती. गिरण्या आणि रेल्वेचे पाणी वेगळ्या रकान्यात मांडा. नाहीतर चाळीत किती पोचले ते कधीच कळत नाही.

साठ्याचा हिशेब आठ कोरड्या महिन्यांचा. ३.२ कोटी लिटर गुणिले २४० दिवस, म्हणजे ७६८ कोटी लिटर. त्यावर बाष्पीभवन, गळती, तळाचे न उपसता येणारे पाणी आणि पाऊस लांबला तर लागणारी शिल्लक. सरासरी पाऊस धरणे ही इथली हमखास चूक. साठ्यासाठी लागोपाठची कोरडी वर्षे घ्या, सांडव्यासाठी सर्वांत मोठा पूर.

सर्वांत जास्त वेळ पातळ्यांना द्या. १८९२ चे तानसा शंभरेक किलोमीटर दूर, तरी पाणी उतारानेच शहरात येते. लांबच्या धरणाचा खर्च यामुळेच परवडला. धरणापासून मलबार हिल आणि भंडारवाड्याच्या जलाशयांपर्यंतचा उभा छेद, म्हणजे वाटेवरच्या जमिनीच्या आणि नळाच्या उंचीचा आलेख, स्वतः काढा. नळातले पाणी जागोजागी दाबाने जिथवर चढेल ती दाबरेषा. तिच्या वर चढलेल्या नळात हवा साचून प्रवाह अडतो. उंचवट्यावर हवेची झडप, खोलगटात गाळ सोडायची झडप दाखवली आहे का, ते पाहा. उतार तोच ठेवून व्यास दुप्पट केला तर पाणी साडेपाच पटींहून जास्त वाहते, म्हणून एकच मोठा नळ स्वस्त दिसतो. तो फुटला की शहर कोरडे. शिवाय बिडाच्या नळात आतून गंजाच्या गाठी धरतात. नव्या नळाच्या क्षमतेवर जुना नळ मोजू नका.

विहारचे पाणी आले तेव्हा गटारे अपुरी होती, वापरलेले पाणी वस्तीतच साचे. नळांच्या नकाशाशेजारी त्याच मापाचा गटारांचा नकाशा ठेवा, नळ आहे पण गटार नाही अशा वस्त्या खुणा करून घ्या, आणि नळ आल्यानंतरच्या वर्षांतले तिथले तापाचे मृत्यू आरोग्य अधिकाऱ्याच्या वार्षिक अहवालांत शोधा.