फॅमिली एसयूव्हीला जादा लाइट आणि ॲक्सेसरीज बसवताना काय बघायचं

नवीन गाडी आली की दोन-चार महिन्यांत वाटायला लागतं आता हिला मस्त लाइट लावूया, मग मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड नाहीतर आपल्या गावातलं ॲक्सेसरीजचं दुकान गाठायचं, तिथला माणूस म्हणतो "साहेब हे घ्या, रात्रीचा दिवस होतो" आणि दोन तासांत गाडी तयार. मी हे लिहितोय ते ज्यांच्या गाडीत आईवडील आणि पोरं बसतात, ज्यांना गणपतीला नाहीतर मे महिन्यात घाट उतरून कोकणात जायचंय, त्यांच्यासाठी. माझं मत सरळ आहे, फॅमिली गाडीला गरजेपुरतंच लावा आणि जे लावाल त्याची वायरिंग कंपनीच्या तोडीची करून घ्या. आणि समोरच्याच्या डोळ्यात जाणारा लाइट कितीही महागाचा असला तरी तो चुकीचाच, कारण घाटातल्या वळणावर त्याला क्षणभर दिसलं नाही तर तो आपल्याच अंगावर येणार आहे.

लाइट विकत घ्यायच्या आधी गाडीत आहेत ते लाइट नीट लावून बघा. जुन्या गाडीची हेडलाइटची काच पिवळट झाली असेल तर आधी ती बफिंग करून घ्या, उजेडात मोठा फरक पडतो. दुसरं म्हणजे स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला खाली बऱ्याच गाड्यांत ० ते ३ आकड्यांचं एक छोटं चाक असतं, त्याला लेव्हलर म्हणतात आणि कित्येक जण गाडी विकेपर्यंत त्याला हात लावत नाहीत. मागे तिघं बसले, डिकीत बॅगा भरल्या की गाडीची मागची बाजू बसते आणि नाक वर होतं, म्हणजे लो बीमसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात आणि आपल्या रस्त्यावर मात्र अंधार. गाडी भरली की ते चाक १ किंवा २ वर न्या, कुठल्या वजनाला कुठला आकडा ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ज्या गाडीला ऑटो लेव्हलिंग आहे तिला हे करावं लागत नाही.

मग भिंतीवर सेटिंग तपासा, हे घरी होतं आणि पैसे लागत नाहीत. जागा सपाट हवी, टायरमध्ये हवा बरोबर हवी, ड्रायव्हर सीटवर कोणीतरी बसलेलं हवं आणि लेव्हलर ० वर. गाडी भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करा, हेडलाइटच्या मधल्या बिंदूची जमिनीपासूनची उंची मोजा आणि तेवढ्याच उंचीवर भिंतीला आडवी टेप लावा. लो बीम लावल्यावर उजेडाची वरची कड त्या टेपच्या साधारण ५ सेंटीमीटर खाली पडली पाहिजे, म्हणजे १ टक्का उतार झाला. ७० सेंटीमीटर उंचीवरचा लाइट या हिशोबाने साधारण ७० मीटरवर रस्त्याला टेकतो. तीच कड भिंतीवर ५ सेंटीमीटर वर सरकली की बीम जमिनीला समांतर होतो आणि थेट समोरच्याच्या काचेत घुसतो, एवढा बारीक हिशोब आहे हा. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात त्यामुळे उजेडाची कड डाव्या बाजूला जराशी वर चढलेली असते, रस्त्याच्या कडेचा माणूस, सायकलवाला दिसावा म्हणून. ती उजवीकडे चढत असेल तर तो लाइट उजवीकडून गाड्या चालणाऱ्या देशासाठी बनलेला आहे, तो बसवूच नका.

आता सगळ्यात जास्त विकली जाणारी गोष्ट, हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब. हॅलोजनच्या डोमचा, म्हणजे हेडलाइटच्या खोक्याचा, आतला आरसा त्या बल्बची फिलामेंट नेमकी कुठे आहे ते धरून बनवलेला असतो. एलईडी बल्बमध्ये उजेड निघायची जागा आणि तिचा आकार वेगळा असतो, त्यामुळे उजेड भरपूर दिसतो पण पसरतो कुठेही, कड पुसट होते आणि समोरून येणारा दिपून जातो. स्वतःला वाटतं लख्ख दिसतंय कारण गाडीच्या पुढचे दहा-पंधरा मीटर पांढरेशुभ्र होतात, पण डोळे त्या झगमगाटाला सरावले की लांबचा खड्डा दिसतच नाही. म्हणून हॅलोजन डोम असेल तर चांगल्या कंपनीचा, मूळ वॅटचाच हॅलोजन बल्ब टाका, म्हणजे एच ४ असेल तर ६०/५५ वॅट आणि एच ७ असेल तर ५५ वॅट. ९०/१०० वॅटवाले बल्ब स्वस्तात मिळतात खरे, पण ते होल्डर वितळवतात आणि आतल्या आरशाचा मुलामा जाळतात.

हे सगळं करूनही कमी पडत असेल तर जादा लाइट लावायचे, आणि त्यांचे प्रकार दोन. एक फॉग लॅम्प, बंपरमध्ये खाली बसणारा, रुंद आणि चपटा उजेड देणारा. दुसरा ड्रायव्हिंग लॅम्प, लांब पल्ल्याचा, तो फक्त हाय बीमबरोबर वापरायचा. पावसाळ्यात ताम्हिणी, आंबोली, गगनबावड्याला धुकं उतरतं तेव्हा हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण धुक्यातल्या थेंबांवरून उजेड उलटा आपल्याच डोळ्यात येतो. तिथे कामाला येतो तो खाली बसवलेला, वर न सांडणारा फॉग लॅम्पच. पिवळा लाइट धुकं फाडतो असं दुकानात सांगतात, तसं काही होत नाही, पण साधारण ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळा उजेड डोळ्याला कमी टोचतो आणि ओल्या रस्त्यावर बऱ्याच जणांना बरा वाटतो, म्हणून मीही पिवळाच सुचवेन. ६००० च्या पुढचा निळसर उजेड मात्र पावसात अजिबात घेऊ नका. टपावरची लांबलचक एलईडी पट्टी फॅमिली गाडीला कशाला हवी ते मला आजवर कळलेलं नाही, तिचा उजेड बोनेटवर पडून परत आपल्याच डोळ्यात येतो आणि पोलिसांच्या नजरेत आधी तीच भरते.

खोक्यावरच्या वॅटवर विश्वास ठेवू नका. २०० वॅट लिहिलेली जोडी खरंच २०० वॅटची असती तर १२ व्होल्टला तिने साडेसोळा अँपिअरच्या वर करंट घेतला असता. दुकानदाराला बॅटरीवर लावून मल्टिमीटरने अँपिअर दाखवायला सांगा, त्याला व्होल्टने गुणा, खरा आकडा समोर येतो. शिवाय आयपी ६७ रेटिंग आहे का बघा, म्हणजे धूळ आत जात नाही आणि १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, आपल्या पावसाला एवढं तरी हवंच.

वायरिंगचा भाग मात्र शांतपणे वाचा, कारण गाडीला आग लागायची भीती असते ती इथेच. काम सुरू करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि सगळ्यात शेवटी परत लावायची. लाइटचा लोड कधीही गाडीच्या स्विचमधून किंवा हेडलाइटच्या वायरमधून ओढायचा नाही, मध्ये रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, हवाच. साधा चार पिनांचा रिले घ्या, त्याच्यावर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे कोरलेले असतात. ३० ला बॅटरीची पॉझिटिव्ह फ्यूजमधून येते, ८७ वरून वायर लाइटला जाते, ८६ ला ट्रिगर म्हणजे स्विचचा छोटा करंट आणि ८५ ला अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर. ड्रायव्हिंग लॅम्प असतील तर ट्रिगर हाय बीमवरून घ्या आणि मध्ये वेगळा स्विच टाका, म्हणजे समोर गाडी दिसली, तुम्ही लो बीमवर आलात की जादा लाइट आपोआप बंद होतात, वेगळं बटण शोधावं लागत नाही. फॉगचा ट्रिगर पार्किंग लाइटवरून. काही गाड्यांत हाय बीम निगेटिव्हवर चालू-बंद होतो, तिथे ही जोडणी उलटी करावी लागते, म्हणून वायर पकडायच्या आधी मल्टिमीटर लावून खात्री करा. आणि गाडीला कंपनीचेच एलईडी हेडलाइट असतील, सगळं कंट्रोल मॉड्यूलवर, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरवर, चालत असेल, तर त्या वायरला टोचायचंच नाही, त्या मॉडेलसाठी बनलेला कपलरवाला हार्नेस, म्हणजे वायर न कापता प्लगसारखा जोडता येणारा वायरिंगचा संच, मिळाला तर घ्या नाहीतर ट्रिगर वेगळ्या स्विचवरून द्या, फक्त मग तो हाताने बंद करायची आठवण ठेवावी लागते.

फ्यूज बॅटरीच्या जवळ, शक्यतो वीतभर अंतरात. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या वायरला कसलंच संरक्षण नसतं, ती कुठे घासून बॉडीला लागली तर जळतच राहणार, म्हणून तो तुकडा जितका लहान तितकं बरं. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, भागिले १२, साधारण ९ अँपिअर, त्याला १५ चा फ्यूज आणि अडीच स्क्वेअर एमएमची वायर. प्रत्येकी २० वॅटच्या दोन एलईडी असतील तर ४० वॅट, म्हणजे सव्वातीन-साडेतीन अँपिअर, त्यांना साडेसातचा फ्यूज आणि दीड स्क्वेअर एमएम पुरते. फ्यूज उडाला म्हणून मोठा टाकायचा नाही, का उडाला ते शोधायचं.

अर्थ कुठे घेतलाय ते स्वतः वाकून बघा. ओळखीतल्या एकाच्या गाडीचा उजवा फॉग मिणमिणायचा, बल्ब बदलून झाला, फरक नाही. शेवटी बंपर उतरवला तर अर्थची वायर रंगावरच स्क्रूने दाबलेली, पिळून टेप मारलेली, आणि टेप सोडली तर आत तांबं हिरवं पडून भुगा झालेलं. जिथे अर्थ घ्यायचा तिथला रंग कानशीने खरवडून लोखंड उघडं करायचं, थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला बसणारी धातूची कडी, पक्कडने दाबून बोल्टखाली घट्ट बसवायचं, वरून ग्रीस. हल्लीच्या स्टार्ट-स्टॉपवाल्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या, गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो, तिथे अर्थ टर्मिनलवर न घेता बॉडीच्या कंपनीच्या अर्थ पॉइंटवर घ्या. जोड असेल तिथे हीट श्रिंक ट्यूब, सगळी वायर काळ्या कोरुगेटेड पाइपमधून, केबल टायने कंपनीच्या हार्नेसला धरून, एक्झॉस्ट आणि रेडिएटर फॅनपासून लांब. स्विचची वायर केबिनमध्ये नेताना पत्र्याला नवीन भोक पाडायचं नाही, कंपनीचा रबरी ग्रोमेट असतो त्यातूनच काढायची. रिले असा बसवा की पिना खाली राहतील, म्हणजे पाणी आत साठत नाही.

आता कायद्याचं, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला बंदी आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट केलं. पुढचा लोखंडी क्रॅश गार्ड, ज्याला बुल बार म्हणतात, त्याच्यावर कारवाई करा असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. दंडापेक्षा मोठं कारण वेगळं आहे, गाडीचं नाक धडकेत चेपण्यासाठीच बनवलेलं असतं आणि पुढे लोखंडी गार्ड आला की धक्का सरळ चॅसिसला जातो, एअरबॅगचं गणित बिघडू शकतं, आणि पायी चालणाऱ्या माणसाला लागलं तर त्याचं काही खरं नाही. लाल-निळे फ्लॅशर, मल्टिटोन हॉर्न यांचं नाव काढू नका. काळी फिल्मही नको, पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा असा नियम आहे, आणि घाटात रात्री आपल्यालाच बाजूचं दिसत नाही.

बाकीच्या ॲक्सेसरीजमध्ये डॅशकॅम मी सगळ्यांना घ्यायला सांगतो. त्याची वायर सिगारेट सॉकेटला लोंबकळत ठेवण्यापेक्षा फ्यूज टॅप (फ्यूज बॉक्समधून वेगळी वायर काढायचा जोड) आणि हार्डवायर किट घ्या, किटमध्ये व्होल्टेज कमी झालं की कॅमेरा बंद करणारी सोय असली पाहिजे नाहीतर आठवडाभर उभ्या गाडीची बॅटरी बसते. वायर खांबाच्या प्लास्टिकमागून नेताना कर्टन एअरबॅगच्या पुढून आडवी जाऊ देऊ नका, मागून न्यायची. सीट कव्हर घेताना सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल आहे का बघा, असेल तर त्या बाजूला उसवणारी शिलाई असलेलंच कव्हर. मॅटवर मॅट टाकायची नाही, ड्रायव्हरच्या बाजूची मॅट हुकात अडकलेलीच हवी, सरकून पेडलखाली गेली तर ब्रेक लागणार नाही. रूफ रेल काही गाड्यांत नुसत्या शोभेच्या असतात, त्यावर कॅरिअर चढवायच्या आधी मॅन्युअलमध्ये टपाचं वजन किती चालतं ते बघा आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरा. मडफ्लॅप लावा, स्वस्त आणि उपयोगी. साइड स्टेप घरात म्हातारी माणसं असतील तरच, खराब रस्त्यावर ती खाली घासते.

बसवलेल्या वस्तूंचं बिल जपून ठेवा आणि इन्शुरन्स कंपनीला कळवा, पॉलिसीत इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजचा वेगळा रकाना असतो, त्यात नोंद नसेल तर क्लेमच्या वेळी त्या वस्तूचे पैसे मिळत नाहीत. वायर कापून जोडलेली दिसली तर सर्व्हिस सेंटर इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारू शकतं, म्हणून कपलरवालाच हार्नेस मागा, चार-पाचशे जास्त गेले तरी चालतील.

काम झालं की लगेच पैसे देऊन निघू नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावा, सगळे लाइट चालू असताना साधारण साडेतेरा ते सव्वाचौदा व्होल्ट दिसायला हवेत. मग तोच मीटर लाइटच्या कपलरवर लावा, बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी दाखवत असेल तर कुठेतरी जोड ढिला आहे नाहीतर वायर बारीक आहे, तिथेच दुरुस्त करून घ्या. वीस मिनिटं लाइट चालू ठेवून रिले आणि फ्यूज होल्डरला हात लावून बघा, कोमट चालेल, चटका बसत असेल तर थिंबल नीट दाबलेलं नाही. नवीन लाइटची भिंतीवरची सेटिंगही तिथेच करून घ्या, फॉगची कड हेडलाइटपेक्षा दुप्पट खाली, म्हणजे ५ मीटरवर त्याच्या स्वतःच्या उंचीच्या १० सेंटीमीटर खाली. पहिला मोठा पाऊस झाला की एकदा बोनेट उघडून अर्थचा बोल्ट आणि रिलेच्या पिना तपासा, आणि त्याच रेटिंगचे दोन जादा फ्यूज ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकून ठेवा.