तीन मारुती ८०० आणि टिनाचे एक शेड : एकाच मॉडेलच्या जुन्या गाड्या गावात कशा सांभाळाव्यात

जुन्या गाड्यांचा छंद म्हटला की एक फियाट, एक अ‍ॅम्बेसेडर आणि एक जीप असा संग्रह बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतो. तो दिसायला देखणा असतो. पण तालुक्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत असलेल्या गावात राहून तो स्वतःच्या हाताने चालता ठेवायचा, तर अ‍ॅम्बेसेडरला इंची पाने, फियाटला मिलिमीटरचे, प्रत्येकीचे गॅस्केट वेगळे आणि जाणकार मिस्त्रीही वेगळा, अशी ओढाताण होते. त्यापेक्षा एकाच मॉडेलच्या दोन-तीन गाड्या ठेवणे शहाणपणाचे. एकीचा भाग दुसरीला चालतो हा फायदा सर्वांनाच दिसतो. परंतु धडधाकट गाडी शेजारी उभी असली की आजारी गाडीचा दोष नेमका सापडतो, हा त्याहून मोठा लाभ आहे. पुढची सारी पद्धत त्यावरच बेतलेली आहे.

मॉडेल ठरवणे

विदर्भातील खेड्यात हा छंद सुरू करणाऱ्याला मी कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या साध्या यंत्राची, मारुती ८०० सुचवीन. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन, चार गिअर आणि बारा इंची चाके असा तिचा साधा संसार असून दर्यापूर असो की वणी, प्रत्येक तालुक्याच्या गावी तिचे काम जाणणारा कोणी ना कोणी भेटतो.

मात्र नाव एक म्हणून गाडी एक, असे समजू नये. १९८६ मध्ये या गाडीची बॉडी बदलली, २००० च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन इंजेक्शनची प्रणाली येऊ लागली आणि काही काळ पाच गिअरचे, बारा व्हॉल्व्हचे मॉडेलही विकले गेले. ओम्नीमध्येही याच कुळातील इंजिन असल्यामुळे इंजिनाचे अनेक भाग जुळतात. पण ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली उभे आणि जोर मागच्या चाकांना, तर ८०० चे इंजिन आडवे आणि जोर पुढच्या चाकांना, त्यामुळे गिअरबॉक्सची अदलाबदल होत नाही. म्हणून पहिली गाडी घेतली की तिचे उत्पादन वर्ष आणि इंजिनाचा प्रकार वहीत लिहून ठेवावा आणि दुसरी गाडी त्याच्याशी ताडूनच घ्यावी.

संख्येचा प्रश्न राहिला. तीन पुरेत : एक रस्त्यावर, एक उघडलेली, एक वाट पाहणारी. चौथी स्वस्तात मिळते म्हणून आणली की अंगणाचे भंगारखाने व्हायला एक पावसाळा पुरतो.

खरेदीपूर्वी कागद

इंजिन ऐकण्याआधी कागद वाचावेत. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नमुना २५ भरून, गाडी आरटीओत तपासून घेऊन तिचे नूतनीकरण करावे लागते. पंधरा वर्षांनंतर महाराष्ट्रात पर्यावरण करही लागतो. मुदत संपलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी नूतनीकरणाचे शुल्क, थकलेला कर आणि दंड धरून तिची किंमत काढावी. मालक हयात आहे का, बँकेचा बोजा उतरला आहे का, चेसिस आणि इंजिनावरचे क्रमांक आरसी बुकाशी जुळतात का, हे स्वतः चिंधीने मळ पुसून पाहावे. गाडी दुसऱ्या राज्यातील असेल, आणि गोंदिया, चंद्रपूर किंवा वरुडकडे अशा गाड्या पुष्कळ फिरतात, तर मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय विसार देऊ नये.

यानंतर बॉडी पाहावी. इंजिन दुरुस्त होते, सडलेला पत्रा मात्र माणसाला कर्जात घालतो. बॅटरीखालचा पत्रा, पायाखालची फरशी, मागच्या चाकांच्या कमानी आणि पुढचे शॉकअब्सॉर्बर जिथे वरून बसतात तो भाग पेचकसाने ठोकून पाहावा. बद्द आवाज आला किंवा टोक आत गेले तर नुसत्या रंगाच्या चकाकीला भुलू नये.

जागा

काळ्या मातीवर गाडी उभी करू नये. पावसाळ्यात ही माती चाके गिळते आणि उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांमुळे जॅक तिरपा होतो. शेडमध्ये मुरूम टाकून दाबून घ्यावा आणि निदान एका गाडीपुरते तरी काँक्रीट करावे. गाडी केवळ जॅकवर असताना खाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. दोन मजबूत घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड), चाकांमागे दगड आणि हाताने गाडी हलवून पाहिल्यावरच खाली जावे. ज्या खोलीत कापूस किंवा कुटार साठवले आहे, तिथे पेट्रोलची कॅन, बॅटरीचा चार्जर किंवा वेल्डिंग यांपैकी काहीही नको.

हत्यारांवर फार खर्च लागत नाही. आठ ते एकोणीस मिलिमीटरचे रिंग व गोटी पाने, स्पार्क प्लगचा पाना, बारीक फटी मोजायचे फीलर गेज, मल्टिमीटर, सिलिंडरमधला दाब मोजायचे कॉम्प्रेशन गेज आणि हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचे, बोल्ट ठरल्या जोराने आवळण्यासाठी टॉर्क पाना एवढे घेतले की बरीच वर्षे निभावते. टॉर्क पान्यात काटकसर करू नये, कारण हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि अंदाजाने आवळले की वाकते.

गाडी घरी आल्यावरचा क्रम

सर्वांना आधी इंजिन सुरू करण्याची घाई असते. योग्य क्रम उलटा आहे : प्रथम थांबण्याची सोय, मग चालण्याची. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून जुने सगळे काढून नवे भरावे, चाकांच्या सिलिंडरमधील रबरे आणि ब्रेकचे पाइप नवेच घालावेत. टायरच्या कडेवरील चार आकडे वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी म्हातारे टायर वैशाखातल्या डांबरी रस्त्यावर फुटतात.

त्यानंतर पेट्रोलची वाट. टाकीतील जुने पेट्रोल काढून टाकावे आणि पेट्रोलचे रबरी नळ बदलावेत. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुने रबर फुगते आणि कार्बोरेटरमधील पडदे लवकर जातात. ते ओलावाही ओढून घेते, म्हणून उभ्या गाडीत महिनोन्महिने पेट्रोल ठेवू नये. कार्बोरेटर उघडला तर जेट, म्हणजे पेट्रोल येण्याची बारीक भोके, तारेने खरवडू नये, क्लीनर आणि हवेच्या दाबानेच साफ करावे. तारेने भोक मोठे झाले की गाडी पेट्रोल पीत राहते आणि कारण कोणाला सापडत नाही. टायमिंग बेल्ट कधी घातला हे ठाऊक नसेल तर तो बदलूनच टाकावा. शेवटी इंजिन ऑइल, फिल्टर आणि कूलंट. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये. आपल्याकडचे पाणी जड. त्याचा क्षार नळ्यांत बसतो आणि मार्च संपेपर्यंत काटा लाल रेघेला टेकतो.

शेजारच्या गाडीवरून दोष ओळखणे

येथे तीन सारख्या गाड्यांचे मोल कळते. समजा, पांढरी गाडी भर उन्हात सात-आठ किलोमीटर चालून बंद पडते, अर्धा तास उभी राहिली की पुन्हा सुरू होते. यामागे दोन कारणे संभवतात : उष्णतेने पंपाच्या वाटेत पेट्रोलची वाफ झाली असेल किंवा प्लगला वीज पुरवणारा इग्निशन कॉइल तापून ठिणगी देत नसेल. बंद पडल्या जागीच प्लगची वायर काढून जुना प्लग बॉडीला टेकवून स्टार्टर फिरवावा, मात्र जवळपास सांडलेले पेट्रोल नाही याची आधी खात्री करावी. ठिणगी निळी आणि ठसठशीत असेल तर संशय पंपावर. पंपावर ओले फडके ठेवल्याने गाडी लगेच उठली तर तो पक्का होतो. ठिणगी नसेल किंवा पिवळी, मरगळलेली असेल, तर कॉइलकडे वळावे.

आता चांगल्या लाल गाडीचा कॉइल पांढरीला लावावा. गाडी बंद पडायची थांबली, तरी एवढ्यावर निकाल देऊ नये, कारण वायर काढताना-लावताना सैल जोडही नीट बसलेला असू शकतो. पांढरीचा कॉइल लाल गाडीला लावून तीही त्याच रस्त्याने पळवावी. लाल गाडी बंद पडली तर दोष भागाबरोबर गेला. आता नवा कॉइल आणायला हरकत नाही. भागाबरोबर दोष जात नसेल तर तो त्या गाडीतच आहे, मग वायरिंग पाहावे. एका वेळी एकच भाग बदलावा. घाईने तीन भाग बदलून गाडी बरी झाली, तर कोणत्या औषधाने गुण आला हे कधीच कळत नाही, आणि दोन चांगले भाग उगीच भंगारात जातात.

कॉम्प्रेशनची तपासणीही अशीच तुलनेने करावी. स्वस्त गेजचा आकडा खोटा असू शकतो, पण त्याच गेजने त्याच दिवशी दोन्ही गरम गाड्या मोजल्या तर त्यांतला फरक खोटा नसतो. तिन्ही सिलिंडरमध्ये एक किलोपेक्षा (दर चौरस सेंटिमीटरला) अधिक तफावत असली तर कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहावे. तापण्याची रीत, एका लिटरमध्ये पडणारे अंतर, क्लच सुटण्याची जागा, सेल्फचा आवाज, यांचीही चांगल्या गाडीवरून नोंद करून ठेवावी. छापील पुस्तकातला आकडा कारखान्यातून निघालेल्या गाडीचा असतो; तीस वर्षे चाललेली गाडी कशी असावी हे आपल्या लाल गाडीलाच विचारावे.

अदलाबदलीला मर्यादा आहे. ब्रेकची रबरे, ब्रेकचे पाइप, टायमिंग बेल्ट आणि सीव्ही जॉइंटची (पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याची) रबरी टोपी जुन्या गाडीतून काढून लावू नये. संपूर्ण इंजिन बदलायचे असेल तर इंजिनाचा क्रमांक बदलतो. त्याची आरटीओत रीतसर नोंद करून घ्यावी लागते. आणि एक गाडी पूर्ण जुळल्याशिवाय दुसरीचा बोल्ट सैल करू नये. उघडलेल्या गाडीचे नटबोल्ट पिशव्यांत घालून प्रत्येक पिशवीवर गाडीचा रंग, भागाचे नाव आणि तारीख लिहावी.

ऋतुमान आणि उभ्या गाड्या

मोठे काम तूर निघाल्यावर, माघ-फाल्गुनात काढावे. कापूस वेचणीच्या दिवसांत हात रिकामे नसतात आणि मे महिन्यात टिनाखाली सकाळी नऊनंतर पाना हातात धरवत नाही. सिलिंडर रिबोअर करणे, म्हणजे आतून कातून घेणे, किंवा हेड घासणे ही लेथची कामे नागपूर, अमरावती किंवा अकोल्याला द्यावीत. ती घरी करण्याचा हट्ट नको.

उभ्या गाडीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. पावसाळ्यात हँडब्रेक लावून ठेवू नये, चाकाला दगड लावावा. नाहीतर मागचे ब्रेक ड्रमला चिकटतात. शेडमध्ये बॉनेट उघडे ठेवले की उंदरांना उबदार अंधार मिळत नाही, तरी एअर फिल्टरचा डबा उघडून आत घरटे नाही ना, हे पाहूनच गाडी सुरू करावी. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक गाडी अर्धा तास प्रत्यक्ष चालवावी. जागच्या जागी पाच मिनिटे सुरू ठेवल्याने सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साचते, म्हणजे लाभापेक्षा तोटाच अधिक. रस्त्यावर जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा विमा आणि पीयूसी वेगळा, हे सांगायला नको.

गाडी निरोपाला आली तर

तिसरी गाडी भागांसाठी उघडायची ठरली, तर ती कागदावर जिवंत ठेवू नये. कायमची निकामी झालेल्या गाडीची माहिती नोंदणी कार्यालयाला चौदा दिवसांत देणे कायद्याने आवश्यक आहे. नोंदणी रद्द करून सांगाडा अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्यावा आणि प्रमाणपत्र जपून ठेवावे. विकायची असेल तर नमुना २९ आणि ३० वर सह्या घेऊन, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवून, आणि शक्य तर त्याच्यासोबत स्वतः आरटीओत जाऊन नाव चढवून घ्यावे, कारण नाव बदलेपर्यंत त्या गाडीने केलेल्या अपघाताची नोटीस आपल्याच दारी येते.