.४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा टिकाऊपणा तोलताना या चुका टाळा

मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, रिव्हॉल्व्हरांची तुलना करताना सर्रास होणारी चूक म्हणजे मजबुती आणि टिकाऊपणा यांना एकच समजणे. किती दाबाला सिलिंडर (काडतुसांचे कप्पे असलेला फिरता भाग) फुटेल, हा मजबुतीचा प्रश्न झाला. हजारो बार काढल्यानंतरही प्रत्येक कप्पा बॅरलच्या नेमक्या रेषेत येऊन घट्ट थांबतो का, हा टिकाऊपणाचा. चांगल्या बनावटीचे रिव्हॉल्व्हर योग्य काडतुसांनी सहसा फुटत नाही. ते झिजते, आणि झिजतात ते आधी त्याचे लहान भाग. (आपल्याकडे परवान्यावर दिसते ते बहुधा .३२ चे, त्यामुळे पुढचा सारा अनुभव अमेरिकेतला आहे.)

स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीने १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम या जोरदार काडतुसाचे रिव्हॉल्व्हर तयार केले, तेच पुढे मॉडेल २९ म्हणून ओळखले गेले. मात्र त्याच्या फ्रेमची (सांगाड्याची) मूळ आखणी पहिल्या महायुद्धापूर्वीची आणि बऱ्याच सौम्य काडतुसांसाठीची होती. वर्षाकाठी मोजके बार काढणाऱ्या शिकाऱ्याला त्याने काही फरक पडला नाही. १९७६ मध्ये धातूच्या आकृत्या पाडण्याच्या स्पर्धांसाठी संघटना स्थापन झाली आणि २०० मीटरवरचा पोलादी मेंढा पाडण्याकरिता नेमबाज जड गोळ्यांची जोरदार काडतुसे सतत वापरू लागले, तेव्हा मात्र उणिवा उघड्या पडल्या. धक्क्याने सिलिंडरचा अटकाव (खाचेत बसून त्याला जागेवर थांबवणारा खटका) निसटे, सिलिंडर उलटा फिरे आणि पुढच्या वेळी घोडा झाडलेल्याच काडतुसावर पडे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कंपनीने अटकावाच्या खाचा लांब करण्यासह अनेक सुधारणा केल्या. म्हणूनच ‘मॉडेल २९ टिकत नाही’ हे सरसकट विधान चुकीचे आहे. सिलिंडर बाहेर काढल्यावर फ्रेमवर दिसणाऱ्या मॉडेल क्रमांकापुढील आडव्या रेघेनंतरचा आकडा पाहिल्याशिवाय तुलना सुरूच करू नये.

दुसरी चूक वजनावरून निष्कर्ष काढण्याची. १९७९ मध्ये आलेले रूगर कंपनीचे रेडहॉक जड आहे हे खरे, पण त्याच्या टिकाऊपणात फ्रेमला बाजूची सुटी झाकणपट्टी नसण्याचा आणि सिलिंडर पुढच्या बाजूस थेट फ्रेममध्ये अडकण्याचा वाटा मला वजनाहून मोठा वाटतो. गंमत अशी की, स्मिथ अँड वेसनने १९०८ च्या आपल्या मॉडेलमध्ये तसे जादा कुलूप दिले होते आणि काही वर्षांतच ते काढून टाकले.

वेगवेगळ्या काडतुसांची रिव्हॉल्व्हरे एका तराजूत टाकणेही व्यर्थ आहे. .४४ मॅग्नमची कमाल दाबमर्यादा चौरस इंचाला ३६,००० पौंड, तर .४५४ कॅसुलची ६५,००० पौंड आहे. फ्रीडम आर्म्सने १९८३ मध्ये .४५४ साठी आणलेल्या रिव्हॉल्व्हरला पाचच कप्पे होते. पाच कप्प्यांमुळे भिंती जाड राहतात आणि अटकावाच्या खाचा कप्प्यांच्या माथ्यावर न येता दोन कप्प्यांच्या मध्ये पडतात.

जुन्या रिव्हॉल्व्हरची तपासणी करताना सर्व कप्पे रिकामे आहेत याची दोनदा खात्री करावी. सिलिंडर एकदा मागे आणि एकदा पुढे दाबून बॅरल व सिलिंडर यांमधील फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापकाने) मोजावी. दोन मापांतला फरक हा सिलिंडरचा प्ले, म्हणजे त्याची मागेपुढे होणारी हालचाल, आणि तो ०.००३ इंचापेक्षा जास्त असेल तर रिव्हॉल्व्हर कारागिराकडे न्यावे. नुसती फट मोजून थांबणे ही फसगत आहे, कारण डॅन वेसन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरांत बॅरल बदलता येते आणि ती फट मालक स्वतःच ठरवतो. त्यानंतर सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवून घोडा अगदी सावकाश मागे ओढावा. घोडा पूर्ण चढण्याआधी अटकाव खाचेत बसला नाही, तर टायमिंग, म्हणजे घोडा आणि सिलिंडर यांचा मेळ, बिघडले आहे. हे प्रत्येक कप्प्यासाठी स्वतंत्रपणे पाहावे लागते, कारण बिघाड पुष्कळदा एखाद्याच कप्प्यापुरता असतो.

सिलिंडर अडकू लागला की ‘झिजले’ असा शिक्का मारण्याची घाई होते. प्रत्यक्षात काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या चकतीखाली न जळलेल्या दारूचे कण साचलेले असतात, तिचा दांडा सैल झालेला असतो किंवा धक्क्याने एखादी गोळी काडतुसातून पुढे सरकलेली असते. यांतले पहिले ब्रशने निघते, दुसरे दांडा आवळल्याने जाते, तर तिसऱ्यात दोष काडतुसाच्या तोंडाच्या सैल आवळणीचा असतो. बॅरलच्या मागच्या टोकाच्या वर, फ्रेमच्या वरच्या पट्टीच्या खालच्या बाजूस ज्वालेने कोरलेली बारीक रेघही खरेदीदारांना घाबरवते. ती साधारणतः थोडी खोल जाऊन आपोआप थांबते.