सगळंच 'नाजूक' नसतं हो! मराठी लिहिताना या चुका टाळा

कळंगुटच्या वाटेवर, म्हापसा बाजारात, पणजीत मांडवीच्या काठाने चालत गेलात तर हल्ली मराठी पाट्या बऱ्याच दिसतात, महाराष्ट्रातून येणारं गिऱ्हाईक भरपूर म्हणून हॉटेलवाले इंग्रजी मेनू मोबाईलवरच्या ॲपमध्ये टाकतात आणि जे बाहेर येईल ते जसंच्या तसं छापून मोकळे. मग इंग्रजी 'डेलिकसी'चं थेट भाषांतर होऊन 'गोव्याची पारंपरिक नाजूकता' अशी ओळ आणि तिच्याखाली बेबिंकाचा फोटो. आता बेबिंकात नाजूक काय आहे सांगा. नारळाचा रस, अंड्यातलं पिवळं, साखर, मैदा, तूप, एक थर ओतायचा, वरून धग देऊन भाजायचा, मग त्यावर तूप लावून पुढचा, असे बहुतेक करून सात थर, करणाऱ्या बाईचा अख्खा दिवस जातो आणि कंबर मोडते ती वेगळीच. २०२३ मध्ये त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नाव आता सरकारदरबारी पक्कं झालं, पण पाटीवर मात्र 'नाजूकता'. तिथे 'गोव्याची खासियत' किंवा 'खास पक्वान्न' लिहा, झालं काम.

पाटीचं सोडा, ते यंत्राचं काम. आपण माणसं जे लिहितो त्यातही हा 'नाजूक' फार घुसलाय. तब्येत नाजूक, विषय नाजूक, भेंडी नाजूक, स्वभाव नाजूक, आवाज नाजूक. आपल्याकडे तर घरात कोकणी, सकाळी चहाबरोबर पेपर मराठी, देवळात आरती मराठी, सगळी सरमिसळ, त्यामुळे कोकणीत 'मोव' आणि 'ल्हव' म्हणणारं तोंड मराठी टाइप करायला बसलं की नेमका शब्द पटकन हाताला लागत नाही आणि नाजूकवर भागवतो. चुकतं कुठे ते ओळखायला मी एक प्रश्न विचारते: भीती कसली आहे? मोडेल याची, दुखेल याची, माणूस हातचा जाईल याची, की चारचौघात बोभाटा होईल याची? मराठीत प्रत्येक भीतीला वेगळा शब्द आहे.

तब्येतीचा मेसेज

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून आधी घेते. फोंड्याच्या एका चुलतभावाने घरच्या ग्रुपवर टाकलं, 'काकीची तब्येत नाजूक आहे, सगळ्यांनी प्रार्थना करा.' त्याला म्हणायचं होतं की ताप उतरला पण अंगात त्राण नाही. दादरच्या मंडळींनी ते वाचलं पेपरातल्या भाषेत, कारण पेपरात 'प्रकृती नाजूक' म्हणजे डॉक्टरांनी अजून हात टेकलेले नाहीत पण टेकायच्या बेतात आहेत. दोघांनी कोकणकन्याची तत्काळ तिकिटं काढली, एकाने ऑफिसात रजा टाकली, आणि सकाळी दारात उतरतात तर काकी ओसरीवर उकड्या तांदळाची पेज आणि मिठातली तोरां (कैऱ्या) खात बसलेली. वर तीच विचारते, 'काय रे, कोण गेलं?'

तर आजाराची ही उतरंड डोक्यात ठेवा. ताप गेला पण चालवत नाही, तिथे 'अशक्तपणा आहे' किंवा सरळ 'थकलीय'. आज बरी, उद्या वाईट, जरा वारं लागलं की आजारी, अशी कायमचीच असेल तर 'प्रकृती तोळामासा'. तोळ्याचे मासे बारा, सोनाराच्या काट्यावर एवढ्यातेवढ्याने पारडं हलतं, तशी. दिवसागणिक उतरतेय तर 'खालावलीय'. काळजी करण्यासारखी असेल तर 'चिंताजनक', आणि 'नाजूक' किंवा 'अत्यवस्थ' तेव्हाच जेव्हा लांबच्यांनी खरंच निघावं असं तुम्हाला वाटतं. आणि मेसेजमध्ये शब्दाच्या पुढे एक साधं वाक्य घाला हो, 'जेवते, बोलते, यायची गरज नाही' किंवा 'या'. लोक विशेषण वाचून तिकिटं काढतात.

'माणूस नाजूक आहे' आणि 'माणसाची प्रकृती नाजूक आहे' यातही फरक आहे, पहिल्यात चण बारीक, दुसऱ्यात जीव टांगणीला. फक्त 'बाबा नाजूक आहेत' असं लिहिलं तर वाचणारा गोंधळणारच.

दोन घरांचे 'नाजूक संबंध'

हे वाचून मला दर वेळी हसू येतं. जमिनीची वाटणी अडलीय, दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, आणि वकिलाला द्यायच्या टिपणात लिहिलंय 'आमच्या दोन्ही कुटुंबांत नाजूक संबंध आहेत'. अहो, मराठी पेपरात नाजूक संबंध म्हणजे काय ते गुन्ह्याच्या बातम्या वाचणाऱ्या कुणालाही विचारा, 'नाजूक संबंधातून' असं सुरू झालेलं वाक्य पोलीस ठाण्यात संपतं. तुम्हाला म्हणायचंय 'संबंध ताणलेले आहेत', 'दुरावा आलाय', 'बोलाचाली बंद आहे'. भांडण अजून झालेलं नाही पण एक शब्द इकडेतिकडे झाला की होईल, तर 'जपून बोलायची वेळ आहे'.

'विषय नाजूक आहे' हे मात्र बरोबर, कारण तिथे बोभाट्याचीच भीती असते. पण विषय जमिनीचा, पगाराचा किंवा मंदिर कमिटीच्या हिशेबाचा असेल तर तो नाजूक नसतो, अडचणीचा असतो, आणि त्याला नाजूक म्हणणारा बहुतेक वेळा टाळतोय असं समजायचं. हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

स्वयंपाकघरात नाजूक आणूच नका

रेसिपी लिहिणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. 'नाजूक भेंडी घ्या' असं नसतं, 'कोवळी भेंडी घ्या'. आणि कोवळं ओळखायची सोपी युक्ती म्हणजे उलटा शब्द लावून बघायचा. भेंडीच्या उलट काय? जून भेंडी. काकडीच्या उलट? जून काकडी. जिथे उलटा शब्द 'जून' किंवा 'निबर' येतो तिथे कोवळंच पाहिजे. आपली सात शिरांची भेंडी हातभर झाली तरी लवकर जून होत नाही म्हणून तर लोक पावसात तिच्यासाठी बाजारात थांबतात, तिला नाजूक म्हटलं तर विकणारी बाई तुमच्याकडे बघतच राहील.

पण कोवळं म्हणजे कच्चं नव्हे आणि कोवळं म्हणजे निरुपद्रवीही नव्हे, इथे खरंच घोटाळा होतो. पावसाळ्यात बांबूचे कोंब येतात, आपण किल्ल म्हणतो, ते कितीही कोवळे असले तरी चिरून पाण्यात ठेवायचे, पाणी बदलायचं, मग शिजवायचे, कारण कच्च्या कोंबात विषारी द्रव्य असतं. अळूचं कोवळं पानसुद्धा घसा खाजवतं कारण पानात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, म्हणून आपल्या बायका त्यात आंबाडे नाहीतर चिंच घातल्याशिवाय अळू चुलीवरून उतरवत नाहीत. रेसिपीत 'नाजूक पानं, पटकन होतात' असं लिहून मोकळं झालात तर खाणाऱ्याचा घसा तुम्हाला शिव्या देणार.

मऊपणाचीही हीच गत. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या टोपलीतल्या उंड्याची (गोल पावाची) पाठ कडक आणि आतून मऊ, पोळी (हाही पावच) कोंड्याची, फुगलेली, आतून पोकळ. हळदीच्या पानातली पातोळी मऊसूत. काकडी लुसलुशीत. चवथीची नेवरी खुसखुशीत, म्हणजे दाताखाली भुगा व्हायला हवी, पिठात कडकडीत मोहन नीट पडलं की होते. चकली कुरकुरीत, तिने आवाज केला पाहिजे. आणि 'ठिसूळ' हा शब्द हाडांना आणि दगडाला ठेवा, 'ठिसूळ नेवऱ्या' ही कौतुकाची कमेंट मी वाचलीय आणि करणारीला ती लागली असणार. तिथे भीती मोडण्याची नाही ना, मोडली तरच चांगली!

मोडण्याची खरी भीती कुठे, तर मुडदुशी या माशात. तव्यावर घातली, खालची बाजू धरायच्या आत उलटायला गेलात की मधोमध तुटते आणि वरचा रवा तव्याला चिकटून राहतो. यात सांगायचं ते 'मासा नाजूक आहे' एवढंच नव्हे, वाचणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, 'मांस मऊ आहे, कडा तांबूस होऊन तव्यापासून आपोआप सुटेपर्यंत हात लावू नका, मग रुंद उलथन्याने अलगद परता' असं लिहा. 'अलगद' हा फार कामाचा शब्द आहे आणि आपण तो विसरत चाललोय. 'हळू' म्हणजे नुसता वेग कमी, 'हळूच' म्हणजे कुणाला न कळता, 'जपून' म्हणजे लक्ष ठेवून, 'अलगद' म्हणजे धक्का न लावता. मांजर हळूच मासा पळवतं, अलगद नव्हे. आणि 'हलक्या हाताने' हे मिठाला, तिखटाला आणि पीठ मळायला, पण नुसतं 'हलका' माणसाला लावलात तर शिवी होते, आणि 'हलक्या कानाचा' म्हणालात तर कोण काय सांगेल त्यावर विश्वास ठेवणारा.

कापडाचं थोडक्यात सांगते. मऊ आणि बारीक सुताचं ते तलम, आरपार दिसतं ते झिरझिरीत, दोन धुण्यांत जाईल असं ते विरविरीत, आणि शेवटचं कौतुक नाही हे लक्षात ठेवा. लाल चौकड्यांच्या कुणबी साडीची जाहिरात 'तलम' म्हणून करणाऱ्यांनी ती एकदा हातात घ्यावी, शेतात चिखलात उभं राहणाऱ्या बाईचं ते कापड, जाडसर आणि टिकाऊ हेच त्याचं मोठेपण.

माणसाला नाजूक म्हणताना

बाईला म्हटलं तर कौतुक असेल किंवा टोमणा असेल, पुरुषाला म्हटलं तर टोमणाच, आणि 'नाजूकसाजूक' तर कुणालाही म्हटलं तरी काम टाळतो असाच अर्थ निघतो. लगेच डोळे भरतात तो हळवा. 'नाही' म्हणता येत नाही तो भिडस्त, आणि कमिटीवर नेमका असाच माणूस खजिनदार करतात. जरा बोललं की फुगून बसतो तो हळवा नव्हे, तो रुसका. दुसऱ्याचं दुःख ज्याला कळतं तो संवेदनशील, पण हा शब्द आता निवडणुकीतल्या मतदान केंद्रांना आणि घाटातल्या जंगलाला इतका चिकटलाय की 'माझा मुलगा संवेदनशील आहे' म्हटलं तर बंदोबस्त लागेल की काय असं वाटतं. (शेतकऱ्याकडे 'हळवं' म्हणजे लवकर तयार होणारं भात, उशिरा येतं ते गरवं. त्याचा रडण्याशी काही संबंध नाही.)

गाण्याबद्दल लिहिणाऱ्यांची एक खास सवय, बाई गाते म्हटलं की आवाज 'नाजूक' आणि गायकी 'नजाकतीची'. केरीच्या केसरबाई केरकरांबद्दलही असं लिहिलेलं वाचलंय. त्यांची भैरवीतली 'जात कहां हो' ही रेकॉर्ड १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, ती एकदा मोठ्याने लावा आणि त्या आवाजात नाजूक काय सापडतं ते सांगा. तो आवाज भारदस्त, खणखणीत, तिन्ही सप्तकांत मोकळा फिरणारा. नजाकत ही ठुमरीतल्या एखाद्या जागेत असते, हरकतीत असते, ती जागा दाखवता येत असेल तर शब्द वापरा नाहीतर राहू द्या.

'वाढवणे' बदलू नका

हे मुद्रितशोधन करणाऱ्या पोरांसाठी. मराठीत अशुभ बोलायची भीड म्हणून काही ठिकाणी मुद्दाम उलटा शब्द येतो. देवापुढचा दिवा विझवत नाहीत, मालवतात नाहीतर वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडला असं बाजारात चालेल, पण कार्यक्रमाच्या बातमीत श्रीफळ वाढवलं जातं. एका स्मरणिकेत 'श्रीफळ वाढवून उद्घाटन' याचं कुणी हुशार माणसाने 'श्रीफळ वाटून उद्घाटन' केलं होतं, त्याला वाटलं टायपिंगची चूक. तसंच 'मंगळसूत्र तुटलं' असं सोनाराला सांगतानासुद्धा जुन्या बायका 'वाढलंय, ओवून द्या' म्हणतात, सोनाराला बरोबर कळतं. अंधश्रद्धा म्हणा हवं तर, पण ज्या घरी पाठवताय त्यांना काय वाटेल तो विचार करून लिहा.

मग नाजूक वापरायचंच नाही का? वापरा की. बारीक, सुबक आणि जपायला लागणाऱ्या वस्तूला त्याच्याइतका चांगला शब्द नाही. नाजूक कलाकुसर, नाजूक बोटं, अबोलीच्या फातीतली नाजूक फुलं, जुन्या घरांच्या खिडक्यांना लावलेले शिंपल्यांचे नाजूक पापुद्रे. सोनाराकडे मात्र जरा सांभाळून, 'नाजूक चेन दाखवा' म्हटलं की तुमच्या डोक्यात कमी वजनाची असते आणि त्याच्या डोक्यात बारीक कामाची, आणि बारीक काम म्हणजे घडणावळ जास्त. म्हणून आधी ग्रॅम सांगा, मग नाजूक म्हणा.