गर्दी आणि मशिनवर विज्ञानकथा लिहायचीय? आधी खडू घ्या

लोकसंख्या वाढली, माणूस मशिनच्या भरवशावर गेला आणि एक दिवस सगळं ठप्प झालं, अशी गोष्ट लिहायला घेतली की बरेच जण सुरुवात करतात "सन २१५०. पृथ्वीची लोकसंख्या २० अब्ज झाली होती." मी पण केलीय, दोनदा, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या पानावर अडकलो, कारण २० अब्ज डोळ्यासमोर येतच नाहीत हो.

म्हणून आकडा बाजूला ठेवा. फरशीवर खडूने १ मीटर बाय १ मीटर चौकोन काढा आणि घरातल्यांना त्यात उभं करा. पाच-सहा जण झाले की कुरकुर सुरू होते. मुंबई लोकलच्या गर्दीला रेल्वेवाल्यांचा खास शब्द आहे, सुपर डेन्स क्रश लोड, म्हणजे तेवढ्याच जागेत १४ ते १६ माणसं! आता त्या चौकोनात काय काय चालतं ते लिहून काढा, सॅक पोटावर घेणं, मोबाईल डोक्याच्या वर धरून सिरीयल बघणं, आणि आपलं स्टेशन यायच्या दोन स्टेशनं आधीपासून पुढच्याला "उतरणार का?" विचारत सरकणं. तुमच्या २१५० ची माणसं पण असंच काहीतरी करत असणार.

मग मशिन. एकच घ्या, आणि ते साधं असलं तर उत्तम, रोबोटांची फौज नको. रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशिन आठवा. आमच्या आत्याचं आयुष्य भांडी घासण्यात गेलं, अंगठ्याच्या रेषा झिजल्या, मशिन तिला ओळखत नाही. दुकानदार चांगला ओळखतो, "आत्या, पदराला पुसून परत लावा" म्हणतो, पण मशिन नाही म्हणालं की त्यालाही तांदूळ देता येत नाहीत. ओळखीचा माणूस समोर आणि तरी हात रिकामे, माझ्या मते मशिनवर अवलंबून राहणं म्हणजे हेच, गोष्ट इथेच शोधा.

बंद पाडायचं तर थोडा वेळच पाडा. जगबुडी लिहायला सोपी असते पण कंटाळवाणी होते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल मधेच थांबल्या, लोक उतरून रुळांवरून चालत निघाले, काही तासांत वीज परत यायला लागली. तेवढे तास पुरतात. जुलै २०२४ मध्ये जगभरचे कॉम्प्युटर बसले तेव्हा आपल्याकडे विमानतळांवर चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. तुमच्या गोष्टीत हाताने लिहिता येणारं कोण उरलंय, हे आधी ठरवा.

तारीख मात्र जपून टाका. १९६६ च्या एका गाजलेल्या अमेरिकन कादंबरीत १९९९ च्या न्यूयॉर्कमध्ये साडेतीन कोटी माणसं कोंबलीयत, प्रत्यक्षात तिथे साधारण ८० लाख होती. जगाने ८ अब्ज गाठले २०२२ मध्ये, पण भारतात एका बाईमागे सरासरी मुलं २०१९-२१ च्या सरकारी पाहणीतच २ पर्यंत खाली आली होती, महाराष्ट्रात १.७ पर्यंत. त्यामुळे पोरांनी भरलेली चाळ दाखवली तर ती आजोबांच्या काळातली वाटेल. पुढची गर्दी म्हाताऱ्यांची असू शकते, आणि त्यांना उचलायला, औषध द्यायला मशिन. यावर फार कोणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही, घ्या.

सुरुवात अशी काहीतरी जमते का बघा:

"लिफ्टचा नंबर लागला का गं?" सासूबाईंनी आतून विचारलं.
"लागला. पहाटे ३:४० चा."
"आणि वर यायचा?"
"वर यायचा बुधवारी."

लिफ्ट कशावर चालते, इमारत किती मजल्यांची, हे इथे अजिबात सांगू नका. सासूबाईंना खाली कशाला जायचंय तेवढं सांगा आणि सोमवारी रात्री लिफ्ट बंद पाडा.