वॉटर पंप बदलण्याआधी आणि बदलताना: गॅरेजमध्ये नव्यानं लागलेल्यांसाठी

इंजिन गरम होतंय म्हटलं की लगेच पंप खोलायला घेऊ नका. गाडी नेमकी कधी गरम होते, ते आधी ग्राहकाला विचारा. सिग्नलला काटा चढतो आणि हायवेला उतरतो, तर बहुधा रेडिएटरचा पंखा. घाटात किंवा वेगात चढतो, तर पंप, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) किंवा जाम रेडिएटर.

पंपाच्या बॉडीला, पुलीच्या मागे, एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं, म्हणून ते ठेवलेलं असतं. तिथे हिरवट किंवा गुलाबी खार जमला असेल तर पंप बदलायचा. हे भोक एम-सीलनं बुजवणारे महाभागही भेटतात. मग कूलंट बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि पंप भर रस्त्यात जाम होतो. बेल्ट काढून पुली हातानं हलवूनही बघा. प्ले लागला किंवा खरखर आली, तर बेअरिंग गेलं. इम्पेलरचा, म्हणजे आतल्या पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाचा, दोष मात्र बाहेरून दिसत नाही. प्लास्टिकचा इम्पेलर चिरून शाफ्टवर मोकळा फिरतो, पत्र्याच्या पात्या गंजून झिजतात.

नवा पंप इंजिन नंबर सांगून घ्या, नुसतं मॉडेल सांगून नको. काउंटरवरच जुना आणि नवा शेजारी ठेवा: बोल्टची भोकं, पुली बसते तिथली उंची, इम्पेलरची खोली आणि पात्यांचा कल. बेल्टच्या पाठीवर फिरणारा पंप उलट्या दिशेनं फिरतो. पात्या उलट असलेला पंप नीट बसतो, पण पाणी पुरेसं ढकलत नाही.

पंप टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणाऱ्या बेल्टवर) असेल, जसा रेनो डस्टरच्या १.५ डीसीआय डिझेलमध्ये, तर बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) सोबतच बदला. मजुरी एकदाच पडते. शिवाय तिथे पंप जाम झाला तर बेल्ट सुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. टायमिंगच्या खुणा जुळवायचं काम पहिल्या वर्षी एकट्यानं करू नका.

फॅन बेल्टवरचा पंप सोपा. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा आणि कूलंट बादलीत काढा; ते विषारी असतं आणि गोड लागतं, त्यामुळे कुत्री चाटतात. पुलीचे बोल्ट बेल्ट ताणलेला असतानाच सैल करा, नंतर पुली हातात गरगर फिरते. पंपाचे बोल्ट सारख्या लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून ज्या त्या जागी टोचून ठेवा. लांब बोल्ट उथळ भोकात गेला की अॅल्युमिनियमचं केसिंग तडकतं.

जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, ग्राइंडर लावू नका. ओ-रिंग असेल तर सिलिकॉन अजिबात नको, ओ-रिंगला फक्त कूलंटचा हात फिरवा. कागदी पॅकिंगवरही फार थापू नका, जास्तीचं आत सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतं. बोल्ट आधी सगळे हातानं, मग तिरपे-तिरपे आवळा: एम-६ (६ मिमी आट्याच्या) बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर, एम-८ ला २० ते २५, मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच धरा. अंदाजानं पिळलं की आटे गेलेच. बेल्टही फार ताणू नका, नव्या बेअरिंगचा जीव त्यातच जातो.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नको. त्यातल्या क्षारांचा थर बसतो आणि सीलची घासणारी कड खराब होते. दोन जातींचे कूलंट मिसळू नका. इंजिन कोरडं सुरू करून आवाज ऐकायचा मोहही आवरा, सीलला कूलंटचंच वंगण असतं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून हळूहळू ओता, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा. पंखा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालवा. हीटरमधून गार हवा येत राहिली तर आत हवा अडकली आहे.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी बघून मगच गाडी द्या. भोकापाशी सुरुवातीला किंचित ओल दिसू शकते, सील बसायला थोडा वेळ घेतं. थेंब पडत असतील तर मात्र पंप परत करा.