जळगावहून नीसच्या किनाऱ्यावर जाताना

नीस हे फ्रान्समधलं समुद्रकाठचं शहर. फ्रान्सच्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. निदान 15 दिवस आधी तरी तो गेलाच पाहिजे. बोटांच्या ठशांसाठी मुंबईची एक फेरी धरा. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा हवा. तूप, पेढे बॅगेत नकोत, युरोपात दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत.

नीसचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा. तापीकाठच्यासारखे गुळगुळीत, पण उन्हात चटके देतात आणि लाटेसरशी पायाखालून सरकतात. साधी चप्पल वाहून जाते. घट्ट बसणारे रबरी तळव्याचे बूट घ्या. पाणी काठापासूनच झपाट्याने खोल होतं. पोहता येत नसेल तर काठावरच बसा. लाल झेंडा असेल तेव्हा कुणीच उतरू नये.

शाकाहारींनी जुन्या नीसमध्ये 'सोका' खावा: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. आपलं बेसनाचं धिरडंच, पण भट्टीत भाजलेलं, कडेला खरपूस. गरमच खा, निवलं की चिवट होतं.